दोन टोपल्यांची जागा

देवगड बंदरावर मासळीच्या वजनकाट्याला जोडलेलं आमचं यंत्र मधलेच आकडे गाळायचं. काटा वजनं पाठवत राहायचा. साठवायची जागा भरली की यंत्राने एका वेगळ्या तारेवरून त्याला 'थांब' सांगायचं, अशी सोय ड्रायव्हरमध्ये, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, मीच लिहिली होती. तार शाबूत होती, निरोपही जात होता, तरी आकडे गळत. तिसऱ्या आठवड्यात मला त्या यंत्राचं तोंड बघायचाही वीट आला.

कंटाळून धक्क्यावर बसलो. होडीतून टोपल्या हातोहात येत होत्या आणि एक मासळीवाली त्या हातगाडीवर रचत होती. गाडीवर जागा असतानाच ती 'थांबा रे' म्हणाली. मी कारण विचारलं.

"भरल्यार सांगान काय उपेग? हातातल्यो दोन टोपल्यो खंय ठेवतले?"

माझं यंत्र पूर्ण भरल्यावरच थांब म्हणत होतं. तोवर निघालेले आकडे वाटेतच असायचे. थोडी जागा शिल्लक असतानाच थांब म्हणायला लावलं, एवढी एकच ओळ बदलली. गळती थांबली.

एसटीडी बूथवरून साहेबांना कळवलं. ते म्हणाले, "छान. मग उद्या वेंगुर्ल्याचं यंत्र बघा."

तीन आठवडे दोडामार्गचं घर पाहिलं नव्हतं. "बरं," म्हणालो.