पांढरा डाग फिका पडला तेव्हा

‘‘भाऊ, हे पांढरं कुठी गेलं जी?’’

सुकवंताबाईंनी दोन फिल्म खिडकीच्या उजेडात धरल्या होत्या. एक ऑपरेशननंतरची, दुसरी पाच महिन्यांनी, आत्ताच मी काढलेली. पहिलीत त्यांच्या नवऱ्याच्या नडगीत सुपारीएवढा पांढराफटक डाग होता. दुसरीत तो धुरकट झालेला, कडा पुसल्यासारख्या.

नवरा म्हणजे तुळशीरामभाऊ, देवरीकडचे. घराचे कवेलू, म्हणजे कौलं, फेरताना छपरावरून पडले, नडगी मोडली. दोन ऑपरेशनं झाली, कमरेचं हाड काढून लावून झालं, तरी नडगीत पोकळी राहिलीच. तिसऱ्या वेळी आमच्या सर्जन मॅडमनी तिथं नॅनो पेस्ट भरली आणि स्पष्ट सांगितलं, ‘‘हे नाही जमलं तर पाय काढावा लागेल.’’

मी गोंदियातल्या या दवाखान्यात सव्वीस वर्षं एक्स-रे टेक्निशियन. फोटो काढायचा, रिपोर्ट सांगायचा नाही, हा आमच्या लाइनचा पहिला नियम. पण जिभेला हाड नसतं ना! बोलून गेलो, ‘‘भरलेला माल विरघळला वाटते.’’

बाईंचा चेहराच उतरला. मी पुढच्या पेशंटला टेबलवर घेतलं. बाहेर येऊन बघतो तर बाकडं रिकामं.

मॅडम ऑपरेशन थिएटरमधून आल्या. ‘‘देवरीवाले कहाँ गये?’’

सांगावंच लागलं.

‘‘तुम्ही रिपोर्ट दिला?’’ त्यांनी कॉम्प्युटरवर फोटो उघडला. डागाची जागा मोठी करून पाहिली. मला वाटलं, गेली नोकरी.

‘‘अहो, डाग फिका पडायलाच हवा होता! तसाच पांढरा राहिला असता तर मी घाबरले असते.’’

मग त्यांनी समजावलं. हाड ज्या क्षाराचं असतं, त्याच क्षाराचे कण त्या पेस्टमध्ये. एका केसाच्या जाडीत हजारेक ओळीनं बसतील, इतके बारीक. म्हणून नॅनो. हाडातले मूळ कणही तेवढेच बारीक, त्यामुळं शरीर त्यांना परकं मानत नाही. काही पेशी ती पेस्ट खातात, मागून दुसऱ्या पेशी येऊन तिथं नवं हाड घालतात.

‘‘या रेघा बघा. हे त्यांचं स्वतःचं हाड.’’

डागाच्या जागी खरंच धानाची रोवणी झालेल्या बांधीतल्या रोपांच्या ओळींसारख्या बारीक रेघा होत्या. फोटो माझा, आणि मलाच दिसल्या नव्हत्या! पाच महिने कोणी न बघता तिथं हे काम चाललं होतं.

धावत बस स्टँड गाठला. देवरीची बस लागलेली. तुळशीरामभाऊ कुबड्या सांभाळत पायरीशी उभे.

‘‘चला परत.’’

‘‘कायले? पाय कापाले?’’ बाई कडाडल्या. ‘‘गावाकडं वैदू पाय ओढून बसवते म्हंते. तिकडंच जाऊन राहिलो आमी.’’

ते कोवळं हाड कोणी ओढलं असतं तर!

‘‘बाई, माल गेला नाही, त्याचं हाड झालं. मी चुकलो.’’

‘‘मघा येक सांगता, आता दुसरंच?’’

‘‘मी गाढव आहो. मॅडमले विचारा, मले नोका विचारू.’’

कशीबशी दोघं परत आली. दवाखान्यात मॅडमनी तुळशीरामभाऊंची एक कुबडी काढून घेतली, मग दुसरी. ‘‘हळूहळू भार टाका.’’

टाकला. पाय टिकला. भाऊ आपल्याच पायाकडं बघत राहिले, आणि मीही. सव्वीस वर्षं हाडांचे फोटो काढले, पण हाड काय करू शकतं ते मला त्या दिवशी कळलं.

सुकवंताबाई रडल्या, डोळे पुसले आणि माझ्याकडं वळल्या.

‘‘भाऊ, तुमी फोटूच काढत जा.’’