खात्री नसेल तर सोड

दोन वर्षं आमचं घर दोन गावांत होतं. मुलगी मेडिकल प्रवेशाच्या तयारीसाठी लातूरला, सोबत तिची आई, भाड्याच्या दोन खोल्यांत. मी हिशेबाच्या नोकरीपायी नांदेडला. आमच्या गल्लीतल्या चार घरांची तीच रीत, म्हणून त्यात कुणाला विशेष वाटत नव्हतं. शनिवारी दुपारच्या बसने अर्धापूरची केळी घेऊन लातूरला जायचो, रविवारी परतायचो. मधल्या पाच संध्याकाळी मोबाइलवर पोकरच्या टूर्नामेंट खेळायचो. पैसे लावून खेळण्यावर तेव्हा बंदी आली नव्हती. फी पंचाहत्तर रुपये, महिन्याला वीस टूर्नामेंट, त्यापुढे एकही नाही, असं बायकोशी ठरलं होतं आणि ते मी पाळलं.

टूर्नामेंटमध्ये सगळ्यांना सारख्या चिप्स मिळतात. त्या संपल्या की तुम्ही बाहेर. शंभर जणांत शेवटपर्यंत टिकलेल्या चौदा-पंधरांना बक्षीस, म्हणजे साधारण सातातून एकदा. हे माहीत असूनही दिवाळीनंतरच्या महिन्यात वीसपैकी सहा वेळा बक्षीस मिळालं आणि माझं बूड जागेवर राहीना. ऑफिसात दर अर्ध्या तासाला उठायचो. जेवताना पाय हलत राहायचा. न विचारता लोकांना सल्ले द्यायला लागलो.

मग सलग तेवीस कोरड्या गेल्या. कागदावर मांडून पाहिलं. सातातून एकदा धरलं, तर ओळीने तेवीस वेळा काहीच न मिळण्याची शक्यता शंभरात तीन. म्हणजे असं घडू शकतं, खेळ चुकला असंच नाही. फोनवर घरच्यांनाही तेच ऐकवलं. डोक्याला पटलं, अंगाला पटलं नाही. बरे पत्ते आले तरी टाकून द्यायला लागलो. या खेळात पत्ते टाकून बसणाऱ्यालाही दर फेरीत आळीपाळीने सक्तीची पैज भरावी लागते, आणि ती वाढत जाते. नुसती वाट बघणारा हळूहळू संपतो. मी तसाच संपत होतो आणि त्याला सावधपणा म्हणत होतो.

त्याच दिवसांत मुलीला फोनवर म्हणालो, खात्री नसेल तो प्रश्न सोड, वजा गुण घेऊ नकोस. त्या परीक्षेत एकशेऐंशी प्रश्न. बरोबरला चार, चुकीला एक वजा. क्लासची टेस्ट दर रविवारी असायची. तिनं माझं ऐकलं. त्याआधी पाचशे चव्वेचाळीस गुण होते. नंतरच्या चार पेपरांत पाचशे सत्तावीस, पाचशे नऊ, चारशे अठ्ठ्याऐंशी, चारशे चौसष्ट. नांदेडला उतरलो की घरी पोचायच्या आत मी फोन करून आकडा विचारायचो. आणि लगेच, लक्ष कुठंय तुझं?

चौथ्या पेपरानंतर बुधवारी बायकोचा फोन आला. पोरगी पुस्तकं खोक्यात भरून राहिली, म्हणाली. सगळं सोडून नांदेडला येते, बीएस्सी करते म्हणते. तुम्ही या, पण फोनवर बोलता तसं इथं येऊन बोलू नका.

गुरुवारी रजा टाकून गेलो. मुलीनं पाणी दिलं, समोर बसली आणि शांतपणे म्हणाली, "पप्पा, तुम्ही तेवीस वेळा हरलात तर पत्ते वाईट. माझे चार पेपर उतरले तर माझं लक्ष नाही. असं कसं?"

आतून बायको म्हणाली, "द्या की उत्तर आता."

मी पेपर मागितले. चव्वेचाळीसवाला आणि चौसष्टवाला शेजारी ठेवले. चुका अठ्ठावीसवरून चोवीसवर आल्या होत्या, त्याचं मी कौतुकही केलं होतं. बरोबर उत्तरं एकशे त्रेचाळीसवरून एकशे बावीसवर आली होती, ते पाहिलंच नव्हतं. सोडलेले प्रश्न नऊवरून चौतीस झाले होते. ज्या पर्यायांवर विचार चालू असेल, त्यांच्यापुढे ती पेन्सिलीने ठिपका देते. चौतीसपैकी बावीस प्रश्नांपुढे दोनच ठिपके होते. दोनातून एक निवडायचं तर अशा दर दोन प्रश्नांमागे सरासरी एक बरोबर, एक चूक. तीन गुण हाती. बावीस प्रश्नांचे तेहतीस. आयुष्यभर आकड्यांत बसलेल्या माणसानं हे चार आठवडे पाहिलं नव्हतं.

"सोड म्हणालो ते चूक होतं," मी म्हणालो. "मी स्वतः भ्यालो होतो. ती भीती अक्कल म्हणून तुला दिली."

"म्हणजे अर्धे येत असलेले प्रश्न मी चार आठवडे सोडले?"

"हाव, माझ्या सांगण्यावरून."

तिनं ते ठिपके एकदा स्वतः मोजले. मग म्हणाली, या रविवारी सगळे ठिपके खेळते, त्यानंतर ठरवते राहायचं की नाही.

मी तिथेच थांबलो, रविवारी परतीची नेहमीची बस सोडली. पेपर चालू होता तेवढा वेळ क्लाससमोरच्या रस्त्यावर फेऱ्या मारल्या. संध्याकाळी क्लासकडून बरोबर उत्तरांची यादी आली. तिनं स्वतः तपासलं आणि पेन खाली ठेवलं. चारशे एकसष्ट. आणखी तीन कमी.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात दहा वाक्यं आली होती, ती तशीच धरून ठेवली. मुलीनं पुन्हा पेपर ओढला आणि दोन ठिपक्यांचे प्रश्न वेगळे काढले. पंचवीस होते. त्यातले आठच बरोबर, सतरा चूक.

"बत्तीस वजा सतरा," ती म्हणाली. "पंधरा जास्तच आले की. नाहीतर चारशे सेहेचाळीस असते. पेपरच अवघड होता."

"आणि आठ कमीच आले," मी म्हणालो. "बारा-तेरा यायला हवे होते."

"ते मला कळतंय," ती म्हणाली. "परीक्षेपर्यंत राहते मी. पण रविवारी फोन करून मार्क विचारायचे नाहीत. मला सांगायचं असेल तेव्हा सांगीन."

मी कबूल केलं.

पुढच्या आठवड्यात ऑफिसचं काम निघालं, लातूरला जाणं झालं नाही. रविवारी सहापासून फोन हातात होता. पोकर उघडलं आणि पत्ते येण्याआधीच बंद केलं. साडेसातला बायकोचा फोन आला. तिनं वांग्याची भाजी केल्याचं सांगितलं, मी काय खाल्लं ते विचारलं. मागे पोरगी मैत्रिणीशी काहीतरी बोलत होती. आवाजावरून अंदाज बांधायचा प्रयत्न केला, जमला नाही. विचारलं नाही. फोन ठेवला आणि घरभर चकरा मारत राहिलो.