करमअलीची होडी कोरडी झाली तेव्हा

करमअलीची उमेदीची सगळी वर्षं आगबोटीवर गेली. मुंबईहून निघून कोकणातली बंदरं घेत खाली जाणारी बोट, आणि तिच्यावर हा खलाशी. श्रीवर्धन त्याचं गाव, पण तिथे बोट धक्क्याला लागत नसे. बाहेर खोल पाण्यात उभी राही, किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे उतारूंच्या होड्या, येत, उतारू शिडीवरून पडावात उतरत, आणि भोंगा देऊन बोट पुढे निघे. घर समोर असून घरी जाता येत नसे. मग तो कठड्याशी उभा राहून सुपारीच्या बागांची काळी रेघ बघत राही. त्या रेघेतून मशिदीचा मनोरा तेवढा पांढरा दिसे. त्याच्या डाव्या अंगाला आपलं घर असणार, असा त्याचा अंदाज.

भोंगा ऐकू आला की इकडे हुस्नबानू हातातलं काम टाकून मागच्या पडवीत येऊन उभी राही. लग्न झाल्यापासून तिची ही सवय होती. सुट्टीवर आला की तो तिला तिकडून गाव कसं दिसतं ते सांगे, आणि ती पुन्हा पुन्हा विचारी, "पडवी दिसते? आणि मी?"

"तू कशी दिसशील? माणूस म्हंजे तिकडनं मुंगी."

एकोणीसशे सव्वीस साली बोटीवर साखळी सुटून त्याच्या गुडघ्यावर आदळली. पाय वाचला, पण वाकेनासा झाला, आणि करमअली कायमचा घरी आला. घरात तो, हुस्नबानू आणि धाकट्या भावाची विधवा झुबेदा. एकुलती मुलगी आबिदा म्हसळ्याला दिली होती. सुपारीची थोडी बाग होती, पोटाची ददात नव्हती. पण समुद्रावर जन्म काढलेल्या माणसाला बागेत करमेना. तो लंगडत लंगडत किनाऱ्यावर जाई आणि आल्यागेल्या होड्यांची चौकशी करत बसे.

गावाबाहेर मुंबईच्या एका बॅरिस्टरांनी हवा खायला बंगला बांधला होता, आणि सैर करायला एक लहानशी शिडाची होडी आणली होती. निळा रंग, बसायला गुळगुळीत फळ्या आणि नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, बाजूला इंग्रजी नावाची पितळी पाटी. होडी दिसायला देखणी, पण गळकी. पाहुण्यांचे बूट भिजायला लागले तसा बॅरिस्टरांचा तिच्यावरचा जीव उडाला. पावसाळ्यात करमअली बंगल्यावर नजर ठेवी, म्हणून ते त्याला म्हणाले, "तुला हवी तर ने. नाहीतर चुलीत जाईल."

होडी आणली त्या दिवशी हुस्नबानू परसात येऊन तिच्याभोवती फिरली. फळीवरून हात फिरवला. मग नवऱ्याला म्हणाली, "अवो, मला एकदा न्याल हिच्यातनं?"

"कुठं?"

"कुठं न्हाय. तुम्ही तिकडनं बघायचा ना आपलं घर, तसं मला बघायचं हाय. सारा जलम मी इकडनंच बघितलं."

करमअलीला हसू आलं, बरंही वाटलं. "नेतो की. पन आधी गळती काढू दे. कोरडी झाली की पयली तुला नेतो."

आणि तो कामाला लागला. होडी परसातल्या वाळूत दोन ओंडक्यांवर चढवून आतून पाणी भरायचं आणि खाली बसून बघत राहायचं. जिथे बाहेर पाझर फुटेल तिथे चुन्याचा ठिपका. मग पाणी काढून टाकायचं, लाकूड वाळू द्यायचं, त्या फटीतला कुजका कापूस आकड्याने ओढून काढायचा, तेलात भिजवलेली नवी वात बोथट पटाशीने ठोकून बसवायची आणि वरून राळ. पाणी मात्र तो अर्ध्याच्या वर भरत नसे. कोरड्यावर तेवढ्या वजनाने होडीचे सांधेच उलतील, ही त्याची भीती. आपला जन्म लोखंडी बोटीवर गेला, लाकडातलं आपल्याला कळत नाही, म्हणून त्याने दादू सुताराला बोलावून आणलं. दादूने बूड ठोकून बघितलं, कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "बूड चांगलं हाय, करमभाय. आता खुशाल टाका पान्यात."

टाकली. उभी होती तोवर होडी ठणठणीत. शीड चढलं, वारा भरला, होडी एका कुशीवर कलली, आणि थोड्या वेळात करमअलीच्या तळव्यांना पाणी लागलं. तो परत आला. पुन्हा ओंडके, पुन्हा चुना. पाणी बुडाशी साठतं म्हणून तो बुडातच शोधत राहिला. एक मोसम गेला, दुसरा आला. सकाळी उठून तो पितळेची पाटी चिंच आणि राखेने लख्ख करी आणि मग होडीखाली जाऊन झोपल्यासारखा पडे.

"थोडं पानी आलं म्हनून काय झालं," हुस्नबानू म्हणे, "मी करवंटीनं काढीन."

"न्हाय. कोरडी झाल्याबिगर न्हाय."

ह्या हट्टामागे एक गोष्ट होती, आणि ती त्याने घरात कधी काढली नव्हती. पावसाळा नुकताच सरलेला असताना, एका बंदरात, उतारूंनी भरलेला पडाव बोटीच्या अंगाला लागता लागता लाटेने उलटला होता. करमअली शिडीच्या खालच्या पायरीवर होता. एका बाईचा हात त्याच्या हातात आला होता. ओल्या काकणांवरून त्याची पकड घसरली आणि ती पाण्याखाली गेली. तिच्या पडावात आधीपासूनच पाणी होतं, असं मागून कुणी म्हणालं. तेव्हापासून होडीच्या तळाला पाणी दिसलं की त्याला तो हात आठवे. पण ही गोष्ट बायकोला सांगायची तर बायकोसमोर रडावं लागलं असतं, म्हणून त्याने ती गिळून टाकली होती.

तिसऱ्या वर्षी, माघात, तो राळ आणायला मुरूडला गेला. जाताना होडी खाडीच्या तोंडाशी बांधून ठेवली होती, लाकूड फुगून फटी मिटाव्यात म्हणून. दुपारी रंगू कोळीण मासळी घेऊन दारी आली. भिकू कोळ्याची ही बायको खाडीत स्वतः होडी नेऊन कालवं काढणारी, हाताने दणकट. हुस्नबानूशी तिचं जुनं सूत होतं. बोलता बोलता होडीचा विषय निघाला आणि रंगू म्हणाली, "धनी न्हाय घरात तर चला की. समुद्र तळ्यावानी पडलाय. मी नेते आन् आनते."

झुबेदा आधी घाबरली, मग तीच चादर घेऊन पुढे झाली.

करमअलीला त्याच सांजेला मुरूडहून परतायची सोय लागली. तो खाडीवर आला तेव्हा होडी किनाऱ्याला लागत होती. तिघी बायका एका बाजूला दाटीवाटीने बसल्या होत्या, हसत होत्या. हुस्नबानूचं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, डोक्यावरची चादर खांद्यावर घसरलेली, आणि तोंडावर असं काही की जे त्याने लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही पाहिलं नव्हतं. तो ते बघायला थांबला नाही. त्याला दिसलं फक्त होडीतलं पाणी. पावलं बुडतील एवढं पाणी.

"अवो, ऐका तरी," त्याला बघताच ती उतरता उतरता म्हणाली, "ह्या होडीत पानी कुठनं—"

"गप," तो म्हणाला. आवाज एवढा चढला की वाळूवर जाळी विणणारे कोळी वळून बघायला लागले. "मराया गेली होतीस? लाज न्हाय वाटली, ह्या वयात कोळनीच्या संगं उंडारत फिरायला? माझ्या घरात र्‍हायाचं असंल तर ह्या होडीला परत हात लावायचा न्हाय." मग तो रंगूकडे वळला. "आन् तू. माझ्या दारात पाय ठेवायचा न्हाय."

रंगूने वल्हं आत ठेवलं, साडीचा काष्टा पिळला आणि निघून गेली. हुस्नबानूने चादर डोक्यावर ओढली. "व्हय," एवढंच म्हणाली आणि घराकडे चालायला लागली. ती पुढे, झुबेदा मागे, आणि शेवटी लंगडत करमअली. घरी आल्यावर तिने त्याला वाढलं, अंथरूण घातलं. कुठे काही कमी केलं नाही.

त्यानंतरही नाहीच. रुसली नाही, अबोला धरला नाही. फक्त होडीचा विषय तिने पुन्हा काढला नाही, आणि बोटीचा भोंगा झाला तरी ती पडवीत येईनाशी झाली. करमअलीच्या हे लक्षात यायलाच पुष्कळ दिवस लागले. मासळी आता दुसरी कोळीण आणायची.

त्याने स्वतःची समजूत घातली ती अशी, की होडी एकदा कोरडी झाली की सगळं ठीक होईल. तो आणखी जोराने कामाला लागला. एका पावसाळ्यात तर त्याने बुडाच्या सगळ्या फटी उकरून नव्याने भरल्या. होडी कललीच की पाणी येई.

मग एकतीस सालच्या उन्हाळ्यात तो परसात होडीपाशी बसला होता आणि झुबेदा जवळच मिरच्या वाळत घालत होती. त्याचा वैताग बघून ती सहज म्हणाली, "भाई, त्या बुडाला किती झोडपाल? गळते ती पाटीखालनं."

"कंच्या पाटीखालनं?"

"ती पितळेची. आम्ही गेलो होतो ना, तवा एका अंगाला बसलो आन् होडी वाकली. भाबी खालीच बसलेली, पाटीच्या मागं. तिला धार दिसली. ती परत येईस्तवर अंगठा दाबून बसली होती तिथं. तुम्हाला सांगीन म्हनत होती, तुमची कटकट मिटंल म्हनत होती." मग तिला आठवलं की पुढे काय झालं होतं, आणि ती मिरच्या पसरायला लागली.

करमअलीने पाटीचे स्क्रू काढले. इतक्या वर्षांत त्याने ती हजारदा घासली होती, पण सोडवली कधीच नव्हती. मागचं लाकूड काळं पडून बिस्किटासारखं झालं होतं. होडी सरळ असताना ती जागा पाण्याच्या हातभर वर राही आणि कलली की पाण्याखाली जाई. दादूला बोलावून त्याने कुजका भाग कापून काढला, सागाचं ठिगळ बसवलं, कापूस ठोकला, राळ ओतली. दुसऱ्या दिवशी तो एकटाच शीड चढवून बाहेर गेला. होडी कुशीवर झाली, लाटांचे शिंतोडे उडाले, पण तळ कोरडाच राहिला. त्याने हात फिरवून बघितला. मग तिथेच बसून राहिला. शीड फडफडत होतं तरी त्याला उठवेना.

घरी आल्यावर हुस्नबानू तांदूळ निवडत होती. तो तिच्यासमोर बसला.

"गळती निघाली."

"बरं झालं."

"तुला ठावं होतं. का न्हाय सांगितलंस?"

तिने सुपातला खडा काढून बाजूला टाकला. "सांगत होते. मग र्‍हाऊन गेलं."

तेव्हा त्याने तिला पडावाची गोष्ट सांगितली. लाट, शिडी, हातातून सुटलेला तो हात. सांगताना तो रडला, आणि ज्याची एवढी धास्ती घेतली होती ते रडणं अगदी साधंच निघालं. हुस्नबानूने सूप खाली ठेवलं.

"हे तवा सांगायचं होतं," ती म्हणाली. "मी पाऊल टाकलं नसतं होडीत. आन् त्या बिचाऱ्या रंगूला तुम्ही दारातनं हाकललं नसतंत."

"उद्या चल. मी नेतो तुला. कोरडी हाय आता."

"आता नको," ती म्हणाली. रागाने नव्हे, एखाद्याला चहा नको म्हणावं तसं. "माझं जाऊन झालंय."

दुसऱ्या दिवशी तो कोळीवाड्यात रंगूची माफी मागायला गेला. भिकू दारात बसला होता. रंगू आदल्या वर्षीच पटकीने गेली होती. मोहल्ल्यापासून कोळीवाडा कितीसा दूर, पण तिच्या मौतीची खबर त्याच्या घरात आली नव्हती. किंवा आली असेल आणि हुस्नबानूने ती एकटीनेच ऐकून घेतली असेल. भिकूने त्याला बसायला घोंगडी दिली. त्या दिवसाचं काही काढलं नाही, ते करमअलीला जास्त लागलं.

पुढे आबिदा माहेरपणाला आली असताना तिच्या आग्रहाखातर हुस्नबानू एकदा होडीत बसली. बरोबर मधोमध, चादर नीट लपेटून, हात मांडीवर ठेवून. करमअलीने तिला खूप बाहेर नेलं, बागांची रेघ दाखवली, मनोरा दाखवला. तो जिकडे दाखवी तिकडे ती बघत होती. "चांगली हाय होडी," असंही म्हणाली. पाण्याला तिने हात लावला नाही. परतताना करमअलीने विचारलं, "त्या टायमाला रंगूसंगं आलीस तवा काय काय बघितलंत? हसत होतात एवढ्या."

"आता ध्यानात न्हाय," ती म्हणाली.

तिच्या सगळं ध्यानात आहे हे त्याला कळत होतं. त्याने झुबेदालाही विचारून बघितलं. तिने काहीबाही सांगितलं, रंगूने कुणाची तरी नक्कल केली होती, एक मासा उडाला होता. पण झुबेदाच्या तोंडून ते ऐकून त्याचं समाधान झालं नाही.

सदतीस साली गुडघा पार गेला आणि त्याला शीड ओढवेना. त्याने होडी भिकूच्या मुलाला देऊन टाकली. बदल्यात काही घेतलं नाही. कोळी होडी न्यायला आले तेव्हा हुस्नबानूने त्यांना पाणी दिलं, गूळ दिला, भिकूच्या सुनेची विचारपूस केली. ती गरोदर होती असं कळलं, म्हणून घरातून खारका आणून तिच्यासाठी बांधून दिल्या. होडी खांद्यावर घेऊन माणसं बागेतून दिसेनाशी झाली. परसातलं गवत जिथे होडी असायची तिथे पिवळं पडलं होतं. करमअली तिकडे बघत उभा राहिला, मग हुस्नबानूने आतून त्याला जेवायला हाक मारली, आणि तो काठी टेकत आत गेला.