रक्त चढतं तेव्हा

ओझेला बायनमला कारण कळल्यावाचून चैन पडत नसे. मिसिसिपीच्या सपाट मुलखात, माशांच्या तळ्यांच्या कडेने ती शाळेची बस चालवी. इंजिनाचा आवाज जरा बदलला की स्वतःच बॉनेट उघडून डोकं आत घाली. "जन्मल्यावर पोरं रडतात, हिनं 'का?' म्हणून विचारलं," असं व्हर्लीनमावशी चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांना सांगे.

ओझेलाला दोनदा दिवस राहिले, आणि दोन्ही वेळा गर्भ टिकला नाही. या 'का'ला मात्र कुणाकडे उत्तर नव्हतं. पुन्हा धीर करण्यापूर्वी ती दवाखान्यात गेली, तेव्हा सुईण गॅटलिनबाईंनी आधी तिच्या दंडाला पट्टा बांधला. रक्तदाब चढा निघाला.

"पोटात अजून कुणी नाही. मग आत्ताच्या दाबाचा त्याच्याशी काय संबंध?"

"गर्भाला पोसणारी वार रुजते ती तुझ्याच रक्तवाहिन्यांच्या जोरावर. त्या आधीच ताणलेल्या असल्या तर? तुझे गर्भ यानंच गेले, असं कुणी सांगू शकणार नाही. पण गर्भ राहण्याआधीच ज्यांचा दाब चढा असतो, त्यांच्यात तो न टिकण्याचं प्रमाण जास्त दिसतं. मीठ सोडलंस का?"

"केव्हाच! वर औषधही घेते."

"मी तर दिलं नाही."

"मावशी देते. रक्त चढतं ना माझं, म्हणून रोज सकाळी मुरवलेल्या काकडीच्या बरणीतलं आंबट पाणी."

गॅटलिनबाईंना नवल वाटलं नाही. त्या मुलखात दाब हा दवाखान्याचा शब्द. घरोघरी रक्त 'चढतं', डोक्याकडे धाव घेतं, आणि आंबटानं खाली उतरतं, अशी समजूत. त्यांनी एवढंच विचारलं, "काकडी मुरते कशात गं?"

"व्हिनेगरमध्ये. आणि..." ओझेला थबकली. "अरे देवा. मिठात!"

घरी ती पट्ट्याचं यंत्र आणि गर्भ राहिला तरी चालेल अशी गोळी घेऊन आली. मावशी फणकारली, "माझी आई जन्मभर हेच पाणी प्यायली."

"आणि गेली कशानं?"

"लकव्यानं," मावशी म्हणाली, आणि हातातल्या बरणीकडे बघत राहिली. मग तिनं बाही वर सरकवली. "लाव बघू मलाही ते."

कापूस फुटू लागेपर्यंत ओझेलाचा दाब उतरला होता. आता दिवस राहायला हरकत नाही, असं गॅटलिनबाईंनी सांगितलं. गर्भ टिकेल, असं मात्र सांगितलं नाही. पानगळीत पाळी चुकली. तेव्हापासून रोज सकाळी पट्टा बांधायचं काम मावशीनं स्वतःकडे घेतलं.

"पाय खाली टेकव. आणि बोलायचं नाही, आकडा चुकतो."

पट्टा फुगत गेला. ओझेलानं ओठ घट्ट मिटून धरले, खिडकीबाहेर पाहिलं, आणि शेवटी तिला राहवलं नाही.

"का?"

"झालं!" मावशीनं पट्टा सोडला. "आता पहिल्यापासून."