मंडपाची गाडी आणि दारापुढची रांगोळी

शहरात गाडी लावून तिच्यातच मुक्काम करायचा असेल तर गाडी लपवू नये. लपवलेली गाडी लोक वाकून वाकून बघतात. गाडी अशी ठेवावी की बघणाऱ्याला तिचा कंटाळा आला पाहिजे. हे ज्ञान मी स्वतः ठेचा खाऊन मिळवलेलं आहे, त्यामुळे ते वाटताना मला जराही संकोच वाटत नाही.

माझी गाडी म्हणजे शाळेची जुनी व्हॅन. बाकडी काढून टाकली, मागं फळ्यांचा पलंग ठोकला, पलंगाखाली पुस्तकांची खोकी सरकवली आणि दाराशी छोटी शेगडी मांडली. बीड जिल्ह्यातल्या शाळा आणि आठवडी बाजार फिरून मी पुस्तकं विकतो. चाळिशी उलटली, लग्न जमलं नाही. गाडीत राहणाऱ्याला पोरगी कोण देणार, असं पाहुणे म्हणतात. गाडीत राहत नव्हतो तेव्हाही कुणी देत नव्हतं, ही गोष्ट ते सोयीनं विसरतात.

सुरुवातीला मी गाडीवर मोठ्या अक्षरांत 'फिरतं पुस्तकघर' असं लिहून घेतलं होतं. पाटोद्याला बसस्टँडच्या मागं मुक्काम केला आणि सकाळी दार सरकवलं, तर बाहेर तीन म्हातारे बसलेले. "पेपर आन की भाईर. आजचा आजून कावून न्हाई आला?" म्हणून ते माझ्यावरच खेकसले. मग ते पुसून 'नळदुरुस्ती' लिहिलं. नळवाल्याच्या गाडीकडे कोण बघतंय? वडवणीत एक बाई मोडकी तोटी घेऊन दारात हजर. नाही म्हणायची हिंमत झाली नाही. अर्धा दिवस त्यांच्या न्हाणीत भिजत बसलो. तोटी बसली, पण गळायची थांबली नाही, आणि त्या बाईंनी मला जे सुनावलं ते मी इथं लिहू शकत नाही.

त्यानंतर मला युक्ती सुचली ती मंडपाची. मंडपवाल्याची गाडी कुठल्याही गल्लीत दोन-चार दिवस उभी असली तरी कुणी विचारत नाही. कुणाकडे तरी कार्य असतंच. प्रत्येकाला वाटतं, शेजारच्याकडे असेल. मी टपावर दोन बांबू बांधले, एक विटका लाल गालिचा गुंडाळून ठेवला आणि गाडीवर 'मंडप, खुर्च्या, भांडी भाड्याने' एवढंच लिहिलं. फोन नंबर मुद्दाम टाकला नाही. गाडी धुवायचं बंद केलं. खिडक्यांना आतून काळं कापड लावलं. माझ्या मते जिल्ह्यात यापेक्षा कंटाळवाणी गाडी दुसरी नव्हती.

आणि मग त्या गाडीत माय राहायला आली.

आईला आमच्याकडे मायच म्हणतात. तिनं उमेदीची सगळी वर्षं ऊसतोडीत घालवली. दिवाळी झाली की बैलगाडीतून कारखान्याच्या वाटेला लागायचं, पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, उभी करायची आणि फड संपला की ती मोडून पुढच्या रानात जायचं. तिचा एक डोळा मोतीबिंदूनं गेला, कारण "ह्यो हंगाम होऊ दे, मंग बघू" असं म्हणत तिनं बरेच हंगाम होऊ दिले होते. आता दुसऱ्या डोळ्यातही पडदा उतरला होता. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, ऑपरेशन करू, पण आधी रक्तातली साखर खाली आणा, ती येईपर्यंत वरचेवर दाखवायला या. माय हसली. म्हणाली, "जलमभर ऊस तोडला बाबा. दुसऱ्यायच्या घरी साखर गेली, माज्या अंगात ऱ्हायली."

गावाला परत नेली असती तर गुळाचा चहा आणि शेजारणींची पुरणपोळी यांनी दोन दिवसांत सगळं मुसळ केरात गेलं असतं. लॉजवर यायला ती तयार नव्हती. नातेवाइकाकडे तर मुळीच नाही. गाडीत राहीन म्हणाली, पण एक अट घातली.

"कुनी उठा म्हनलं की म्या गावाकडं चालले बघ. मंग डोळा ऱ्हावो न्हाईतर जावो."

ही अट पोकळ नव्हती. आयुष्यभर मुकादमानं, रानाच्या मालकानं, रस्त्यावरच्या पोलिसानं तिला बिऱ्हाडासकट उठवलं होतं. शेवटच्या हंगामाहून आली तेव्हा तिनं गावच्या देवळात देवाला हात लावून सांगितलं होतं की आता पुन्हा कुणाच्या जागेवरून उठणार नाही, त्याआधीच निघेन. आणि माझी माय बोलली की बोलली. म्हणजे अंबाजोगाईच्या त्या गल्लीत कुणीही येऊन नुसतं "ए, गाडी काढ" म्हटलं असतं तर तिचा राहिलेला डोळाही गेला असता. माझ्या सगळ्या सोंगावर आता हे ओझं होतं.

दवाखान्यापासून जवळच कडुलिंबाच्या झाडाखाली जागा मिळाली. समोर किराणा दुकान होतं. दुकानदार कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढून बसायचे, त्यांची बायको मागच्या पडद्याआडून दुकान आणि गल्ली दोन्ही चालवायची. पहिल्याच दिवशी मी चहापत्ती घ्यायला गेलो.

"मंडपवाले का? कार्यक्रम कुनाकडं हाय?"

"पलीकडच्या गल्लीत," मी म्हणालो.

"काय हाय?"

"बारसं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, झालं का बारसं? आता मंडपाची गाडी तर तिथंच उभी, बांबूही सुटलेले नाहीत. मी म्हणालो, "बाळ व्हायचंय अजून."

दुकानदारांनी पुडी बांधायची थांबवली. "बाळ व्हायच्या आदीच मंडप?"

"लोक हल्ली लई घाई करतात मालक."

"खरं हाय," ते म्हणाले आणि पुढं काही विचारलं नाही. मी गाडीत येऊन पोट धरून हसलो. त्यानंतर मी गेलो की ते चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता विचारायचे, "झालं का बाळ?" आणि मी सुस्कारा सोडून म्हणायचो, "वाट बघताहेत." मला वाटायचं, इतका भोळा माणूस दुकान कसं चालवतो?

पण बाहेरच्यांना फसवणं सोपं होतं. घरचं माणूस आवरणं कठीण.

माय गल्लीच्या आधी उठायची, सरकतं दार उघडून चाचपडत खाली उतरायची, तांब्याभर पाण्याचा सडा शिंपडायची आणि श्रीखंडाच्या डब्यातली रांगोळी चिमटीत घेऊन दारापुढं ओढायची. दिसत नव्हतंच. बोटांनीच मोजायची आणि बोटांनीच वळवायची. एक रेघ टायराकडे जायची, दुसरी गटाराकडे. मी पहिल्या दिवशी ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अगं माय, मंडपाच्या गाडीपुढं कुणी रांगोळी काढतं का?"

"मंडप म्हंजी शुभकार्य. तितं रांगोळी न्हाई तर काय राख टाकतेत?"

"अगं, पण आत माणसं राहतात हे कळेल ना!"

"मंग? माणसंच ऱ्हातेत की. का जनावरं ऱ्हातेत?" तिनं हात झटकले. "कोपी पाचटाची आसायची. एका रातीसाठी आसायची. तरी मी तिच्याम्होरं रांगोळी काढल्याबिगर कोयता उचलला न्हाई. तुज्या गाडीला तर दार हाय."

रांगोळी पायानं पुसायला गेलो तर तिनं असा आवाज चढवला की झाडावरचे कावळे उडाले. शेवटी मी एक तोड काढली. ती आत गेली की मी रांगोळीवर गोणपाट टाकायचो. मंडपाच्या गाडीखाली गोणपाट पडलेलं असणं यात नवल ते काय? मी स्वतःवर खूश होतो.

फक्त एक गोष्ट खटकायची. दवाखान्यातून परत आलो की ते गोणपाट घडी घालून गाडीच्या बॉनेटवर ठेवलेलं असायचं आणि रांगोळी उघडी असायची. काही लोकांना दुसऱ्याच्या वस्तू आवरायची खोडच असते, असं म्हणून मी मनातल्या मनात शिव्या द्यायचो.

एकदा मात्र जीव टांगणीला लागला. सकाळी माय गाडीत भाकरी थापत होती आणि मी अंथरुणं गुंडाळत होतो, तेवढ्यात पत्र्यावर थाप पडली. "कोनाची गाडी हाय रे ही?" नगरपालिकेचा माणूस असावा. मी मायचा हात धरला. भाकरी परातीत अर्धीच राहिली. आता हा "गाडी काढा" म्हणणार आणि ही इथूनच गावाची वाट धरणार. तव्यावर आधीची भाकरी होती, ती उलटायलाही धजावलो नाही.

समोरून दुकानदारांचा आवाज आला. "मंडपवाल्याची हाय साहेब. गडी चहाला गेलेत."

"मग भाकरीचा वास कुठून येतोय? करपल्यासारखा?"

"आमच्या घरातून. बायको माझी. आता काय बोलावं तिला?"

पडद्याआडून काहीतरी आदळल्याचा आवाज आला. साहेब हसले, पावलं लांब गेली. मायनं हात सोडवून घेतला आणि आधी करपलेली भाकरी उलटली. मी मात्र फुशारून गेलो. माझं सोंग इतकं बेमालूम होतं की दुकानदार स्वतःच्या बायकोला भाकरी करपवणारी ठरवायला तयार झाला, पण गाडीत कुणी असेल ही शंका त्याला आली नाही.

अखेर साखर उतरली. ऑपरेशन झालं, नीट झालं. डोळ्यावर पट्टी बांधून मायला गाडीत आणली. डॉक्टरांनी बजावलं होतं: पट्टी उद्या दवाखान्यातच काढू, खाली वाकायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. वाकायचं नाही म्हणजे रांगोळी बंद. माय हिरमुसली. मला खरं सांगायचं तर हायसं वाटलं. आता एकच दिवस निभावला की झालं, आणि तोही गोणपाटाशिवाय.

सकाळी माय पलंगावर पडून होती. मी दार सरकवलं आणि पाय खाली टाकता टाकता वर उचलला.

दारापुढं सडा पडलेला होता आणि त्यावर रांगोळी होती. चारी बाजूंनी सारखी, रेघ न् रेघ जागच्या जागी.

मी मागं वळून बघितलं. माय पडूनच होती. मग मी रांगोळी ओलांडून समोर दूध आणायला गेलो. दुकानदारांनी पिशवी पुढं केली आणि रोजच्यासारखं विचारलं, "झालं का बाळ?"

"झालं," मी म्हणालो.

"बरं झालं. डोळे कसे हायेत बाळाचे?"

ते तोंड फिरवून डब्यात काहीतरी शोधायला लागले. पण त्यांचे खांदे हलत होते. तेवढ्यात पडदा बाजूला झाला आणि त्यांची बायको, म्हणजे गल्लीच्या काकू, बाहेर आल्या. त्यांच्या बोटांना अजून पांढरं लागलेलं होतं.

"रोज दारापुढं रांगोळी आसती आन आज नसली, तर लोकं भलतंसलतं समजतेत. घरात काय वंगाळ झालं का म्हनतेत. म्हनून मीच काढली. आन तू ते पोतं कावून टाकतोस रे तिच्यावर? रोज उचलून उचलून माजी कंबर गेली."

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून..."

"आख्ख्या गल्लीला. बाळाआदी मंडप आनणारा मानूस बघाया पलीकडच्या गल्लीतनं बी लोकं येऊन गेले."

माझी जिल्ह्यातली सगळ्यात कंटाळवाणी गाडी! मी दुधाची पिशवी घेऊन तिथंच उभा राहिलो. लाज वाटत होती. एवढ्या लोकांनी माझं खोटं माझ्यापेक्षा नीट सांभाळलं होतं.

दुपारी दवाखान्यात पट्टी निघाली. मायनं आधी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "लई म्हातारा झालास की रं." मग वाटभर दुकानांच्या पाट्या, गाढवं, पोरींचे ड्रेस, जे दिसेल ते ती बोट दाखवून सांगत होती. गाडीपाशी आलो तशी ती थांबली. दारापुढच्या रांगोळीकडे बराच वेळ बघत राहिली.

"ही माजी न्हाई. लई सरळ हाय. कुनी काढली?"

उत्तर मला द्यावं लागलं नाही. काकू दुकानाच्या पायरीवर सतरंजी झटकत होत्या. "अक्का, या की. बसा इतं, सावली हाय."

माय बसली. दोघींनी एकमेकींची गावं विचारली, पोरं विचारली, गुडघे विचारले. काकूंनी माझ्या बारशाच्या थापेची गोष्ट सांगितली, ती ऐकून माय इतकी हसली की मी दवाखान्याच्या कागदांत तोंड घातलं. ऊन उतरलं तशी तिनं पदर सावरला, सवयीनं, कुणी सांगायच्या आत निघावं म्हणून. गुडघ्यावर हात ठेवून ती उठायला लागली.

काकूंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "उठू नका अक्का. चहा टाकलाय, बिनसाखरेचा."

माय परत खाली बसली. नव्या डोळ्याच्या कडेला पाणी आलं आणि ते ती पुसेना. डॉक्टरांनी डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही असं बजावलं होतं. आतून आलेलं चालतं का, हे विचारायचं माझं राहूनच गेलं होतं.