दहा बोटं आणि रामीबायची शाल

त्या दिवशी सकाळी धुकं इतकं दाट होतं की शाळेच्या मैदानातला मांडव दिसत नव्हता, नुसता माईक बोलत होता. "हॅलो, हॅलो, वन टू थ्री" ऐकू येई, पण गुरुजी कुठं उभे आहेत ते कळेना. खुर्च्या दवानं भिजलेल्या. लखमा आपल्या टॉवेलनं खुर्ची पुसायचा, आणि माणूस बसेपर्यंत ती परत ओली व्हायची. चौदा साल, सव्वीस जानेवारी. आमच्या पाड्यावरचा पहिला सत्कार!

तेव्हापासून दर सव्वीस जानेवारीला झेंडा झाला की सत्कार होतो, आणि दर वेळी काहीतरी घडतंच. हे किस्से कोणी मुद्दाम गोळा केले नाहीत. ताडाला मडकं बांधून ठेवलं की आपण काही करायचं नसतं. थेंब थेंब पडत राहतो, सकाळी बघावं तर मडकं भरलेलं. तसं झालंय.

आमचा पाडा गंजाडपासून आत, डांबरी रस्ता संपतो त्याच्याही पुढं. कुणी आजारी पडलं की बांबूला गोधडी बांधून झोळी करायची, खांद्यावर घ्यायची आणि ॲम्ब्युलन्स जिथं येते तिथपर्यंत चालायचं. डोंगराला वणवा लागला तर विझवायचा. ओढ्यावर मातीच्या गोण्या रचून बंधारा घालायचा. हे सगळं करणारी आमची अकरा माणसं. पगार नाही, पाणीसुद्धा ज्याचं त्यानं न्यायचं.

गुरुजी साताऱ्याकडचे. ते म्हणाले, "ही माणसं म्हणजे खरे स्वयंसेवक! यांचा सत्कार झालाच पाहिजे!"

लखमा झोळीचा पुढचा खांदा. अंगानं दांडगा, बोलायला त्याहून. त्यानं विचारलं, "स्वयंसेवक म्हंजे काय, गुरुजी?"

"जो स्वतःहून सेवा करतो तो."

"मग माझ्या सासऱ्याचं नाव पहिलं टाका. घरात आला की स्वतःहूनच वाढून घेतो!"

*

नावं सांगायचं काम माझ्याकडं आलं, कारण वयानं मोठा मी. लिहिता येत नव्हतं. अक्षरं मला गुरुजींनी नंतर शिकवली, या भानगडीपायीच. मी बोटांवर मोजत गेलो, गुरुजी लिहीत गेले. एक बोट, एक नाव. दोन्ही हात संपले, मी म्हटलं, "झाले सगळे."

रामीबाय राहिली.

रामीबाय माझी शेजारीण. तिचं अंगण आणि माझं अंगण यांच्यात कुंपण नाही. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, माझी बायको जाऊनही झाली. झोळीत बाई असली की रामीबाय तिचा हात धरून बाजूनं चालते. अडलेली बाई तिनं कधी एकटी पाठवली नाही. आणि मी नावं सांगत होतो तेव्हा आम्हाला चहा कोण देत होतं? रामीबाय! समोर उभी होती, म्हणून आठवायची वेळच आली नाही.

सव्वीस जानेवारीला ती नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली. दहा नावं झाली, दहा शाली झाल्या, वंदे मातरम् झालं. ती उठली, माझ्यापाशी आली, माझे दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले आणि म्हणाली, "पायाला बोटं नाहीत का तुला?"

त्यानंतर ती माझ्याशी बोलायची बंद झाली.

*

बंद म्हणजे एकदम बंद नाही. माझ्याकडं चांदी नावाची बकरी आहे. रामीबाय तिच्याशी बोलायची.

"चांदे, तुझ्या मालकाला सांग, त्याच्या कोंबड्या माझ्या वाफ्यात शिरल्यात."

मग मलाही बकरीमार्फतच उत्तर द्यावं लागे. "चांदे, सांग तिला, हाकलतो म्हणून." बकरी दोघांकडं बघायची आणि पाला खायची.

एकदा वरोरची कोळीण येऊन गेली. तिच्याकडून घेतलेले सुके बोंबील मी अंगणात पसरले आणि आत जाऊन पडलो. कावळे आले. रामीबाय दारात उभी राहून बघत होती. पण चांदी चरायला रानात गेलेली, सांगणार कुणाला? संध्याकाळी बकरी घरी आली, तेव्हा रामीबायनं सांगितलं, "चांदे, सकाळी कावळ्यांनी बोंबील नेले गं."

"किती?" मी बकरीला विचारलं.

"सगळे," रामीबाय बकरीला म्हणाली.

तेव्हा मी ठरवलं. हिच्या खांद्यावर शाल पडलीच पाहिजे! नाहीतर माझ्या ताटात काही उरणार नाही. आणि खरं सांगायचं तर शेजारी बोलणारं दुसरं होतं कोण?

*

दुसऱ्या वर्षी मी गुरुजींना पहिलं नाव रामीबायचं घालायला लावलं. सरपंचबाईंनी तलासरीहून बॅनरही छापून आणला. छापणारा गुजराती बोलणारा, माणूस चांगला, पण एक काना विसरला. बॅनरवर मोठ्या अक्षरात आलं: "अखंड सेव करणाऱ्यांचा सत्कार."

एवढी गर्दी आमच्या मैदानात निवडणुकीलाही झाली नव्हती! पलीकडच्या पाड्यावरची एक म्हातारी तर डबा घेऊन आली.

गुरुजी माईकवरून ओरडून सांगत होते, "सेवा! सेवा! काना राहिलाय!"

मागून आवाज आला, "काना राहू दे, सेव कुठंय?"

शेवटी सरपंचबाईंनी माणूस पाठवून फरसाण मागवलं, तेव्हा कुठं लोक खाली बसले. गुरुजींनी रामीबायचं नाव पुकारलं. ती उठली, पदर नीट केला, दोन पावलं टाकली, आणि खालच्या पाड्यावरून निरोप आला, एक बाई अडलीय. रामीबाय तशीच वळली. तिच्या मागं लखमा, लखमाच्या मागं बाकीचे. पाच मिनिटांत झोळी रस्त्याला लागली.

स्वयंसेवक सगळे गेले. मांडवात फक्त सत्कार करणारे उरले, आणि फरसाण.

*

सोळा साली शालींची थप्पी चांगली अकराची होती. पण पाहुणेही भरपूर. सरपंचबाईंनी पाहुण्यांचा सत्कार केला. पाहुण्यांनी सरपंचबाईंचा केला. मग पाहुण्यांबरोबर आलेल्यांचा झाला. एकानं आठवण केली की मांडववाल्याचा राहिला, दुसऱ्यानं माईकवाल्याची आठवण केली. स्वयंसेवकांपर्यंत येईतो टेबलावर नुसतं टेबल राहिलं.

लखमा उभा राहून म्हणाला, "गुरुजी, पुढच्या वर्षी आम्ही पाहुणे म्हणून येतो!"

घरी आल्यावर पलीकडून आवाज आला, "चांदे, तुला थंडी वाजत असेल तर माईकवाल्याकडं जा गं."

*

सतरा साली गुरुजींनी डोकं लढवलं. एकच शाल, पण भारी. ज्याचं नाव येईल त्यानं एका बाजूनं चढायचं, शाल घ्यायची, फोटो काढायचा, दुसऱ्या बाजूनं उतरताना शाल परत द्यायची. ती मागच्या मागं पुन्हा टेबलावर.

चार जणांपर्यंत झकास चाललं. पाचवा लखमा. त्यानं शाल घेतली, फोटो काढला, दुसऱ्या बाजूनं उतरला आणि सरळ घरी निघून गेला. गुरुजींनी बाकीच्यांना माईकवर थोपवून धरलं आणि मला पळवलं. पळवलं म्हणजे मी माझ्या चालीनं गेलो.

दारात लखमाची बायको. मी म्हटलं, "अगं, शाल पाहिजे. रामीबायची पाळी यायचीय."

ती म्हणाली, "तो पांघरून झोपलाय, बाबा. सत्कार उतरला की पाठवते."

*

अठरा साली सगळं होतं. शाली अकरा, नारळ अकरा, पाहुणा एकच. डहाणूहून आलेले सुटाबुटातले साहेब, स्वभावानं गरीब.

पहिला नंबर लखमाचा. साहेबांनी शाल घातली, नारळ हातात दिला. आता आमच्याकडं चार माणसांत नारळ हातात आला की तो देवाला फोडायचा असतो. घरी न्यायचा असतो हे लखमाला कोणी सांगितलंच नव्हतं! त्यानं गावदेवाचं नाव घेतलं आणि स्टेजच्या पायरीवर नारळ आपटला. पाणी साहेबांच्या बुटांवर. लखमानं एक तुकडा साहेबांच्या हातात ठेवला. "घ्या, प्रसाद."

त्याच्या पाठोपाठ सगळ्यांनी तेच केलं. फाट फाट दहा नारळ फुटले. गुरुजींनी कपाळावर हात मारला.

उरली रामीबाय. साहेब मोठे भले, म्हणाले, "थांबा, मीच खाली येतो." आणि ओल्या पायरीवरून आले ते थेट खालीच आले! पाय सुजला, उभं राहता येईना.

साहेबांना झोळीत घातलं. लखमा पुढं, रामीबाय बाजूनं साहेबांचा हात धरून. साहेब कण्हत कण्हत म्हणाले, "बाई, तुमचे फार उपकार झाले. तुम्ही कोण?"

"मी अकरावी," रामीबाय म्हणाली.

*

एकोणीस साल उजाडायच्या आधीच बकरीकडं निरोप आला. "चांदे, तुझ्या मालकाला सांग, साहेब नको, सरपंच नको. जो इसरला त्याच्या हातून घालणार असतील तर येते. नाहीतर मी घरीच बरी."

मी आठ दिवस खुर्चीला शाल घालायचा सराव केला. खुर्चीला खांदे नसतात, हे स्टेजवर गेल्यावर कळलं.

सव्वीस जानेवारीला गुरुजींनी माईकवर सांगितलं, "यंदा एकच सत्कार. रामीबाय यांचा, त्यांचे शेजारी आपले बाबा यांच्या हस्ते. आणि नारळ कोणीही फोडायचा नाही!"

रामीबाय पायरी चढली. कुठून निरोप येतो का म्हणून मी खालच्या पाड्याकडं बघत होतो. नाही आला. मी नारळ तिच्या ओटीत दिला आणि शाल उघडली.

आमच्याकडं विधवा बाईचं दुसरं लग्न लावतात त्याला पाट म्हणतात. त्याला बँड लागत नाही. नवं कापड, ओटीत नारळ, बघायला चार माणसं, एवढ्यात होतो. गुरुजी साताऱ्याचे, त्यांना हे काय माहीत! आणि माझ्या तर ध्यानातच आलं नव्हतं.

लखमाच्या आलं. तो मागून ओरडला, "बाबा! सत्कार करतोस का पाट लावतोस?"

सगळा मांडव हसायला लागला. बायांनी तोंडाला पदर लावले. सरपंचबाई हसता हसता खुर्चीतून वाकल्या. एकटे गुरुजी "शांतता, शांतता" करत विचारत होते, "काय झालं? काय झालं?" कोणी एकानं टाळी वाजवली, की सगळ्यांनीच धरली.

शाल अर्धी तिच्या खांद्यावर, अर्धी माझ्या हातात. कशीबशी टाकावी आणि खाली उतरावं म्हणून मी ती ओढायला गेलो, तर रामीबायनं शालीचं टोक धरून ठेवलं. पाच वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं आणि मला एकट्याला ऐकू येईल असं म्हणाली,

"घाई कशाला करतोस? सावकाश घाल. वाटतंय त्यांना तर वाटू दे."