नायट्रिक ऑक्साइडची लाल पूड

लिहिण्याची सवय मला निवृत्तीनंतर, तीही भीतभीतच, लागली. सभेत उभे राहून बोलणे तर कधीच जमले नाही. तरीही निपाणीतल्या एका सभेविषयी लिहितो आहे. त्या सभेतल्या वक्त्याबद्दलचा तिटकारा सौम्य करण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला. तो सौम्य झाला नाही.

हे गृहस्थ कॉलेजात माझ्याच विभागात रसायनशास्त्र शिकवीत. निवृत्त होताच त्यांनी कोट शिवला आणि बिटाची लाल पूड विकायला घेतली. पुडीने शरीरात नायट्रिक ऑक्साइड वाढते आणि ते कर्करोगाच्या पेशी मारते, असे ते सांगत. हा वायू आपल्या शरीरातच तयार होतो, रक्तवाहिन्या सैल करतो, हे खरे. रक्षक पेशी तो भरपूर सोडून घातक पेशी मारू शकतात, हेही खरे. परंतु तोच थोडाथोडा, सतत मिळत राहिला, तर गाठ त्याच्याच मदतीने नव्या रक्तवाहिन्या स्वतःकडे ओढून घेते, वाढते, पसरते. मारणार की पोसणार, हे प्रमाणावर आणि जागेवर ठरते. हा उत्तरार्ध त्यांना ठाऊक होता. फक्त त्याला गिऱ्हाईक नव्हते.

माझी थोरली बहीण, आक्का, हिच्या गालाच्या आत एक जखम होती, भरतच नव्हती. तिने जन्मभर विड्या वळल्या आणि मिश्री लावली. तंबाखू तव्यावर भाजून कुटायची आणि ती पूड बोटाने दातांना, हिरड्यांना चोळायची, ही आमच्याकडच्या बायकांची सवय. बेळगावच्या डॉक्टरांनी जखमेचा तुकडा तपासून कर्करोगाचे निदान केले. मिश्री तत्काळ बंद आणि शस्त्रक्रिया याच महिन्यात, असे बजावले. आक्का घाबरली. शेजारणीने लाल पूड आणून दिली, तशी ती बेळगावचे नावच घेईना. माझे समजावणे तिला वर्गातले वाटे. शेवटी म्हणाली, "त्या सरास्नीच इचारतो. चल माझ्यासंगट."

सभा मंगल कार्यालयात होती. पडद्यावर लाल रक्तवाहिन्या झळकल्या, टाळ्या झाल्या. मग आक्का उठली.

"सर, पान्यातनं प्याली की मला उलटी येतीया. म्हनून मी मिश्रीत मिसळून दातास्नी लावतो. चालतंय न्हवं?"

मी चमकलो. मला हे ठाऊक नव्हते.

"चालतंय की, आक्का! उलट हिरडीतनं लवकर भिनतंय."

"आन् मिश्री?"

"असू दे की थोडी. आमची पूड बघून घेती तिला!"

सभागृह खळखळून हसले. तंबाखूवर पोसलेल्या गावाला याहून गोड वैद्यक कोण सांगणार? मी उभा राहिलो.

"सर, कर्करोगाच्या जखमेवर तंबाखू चालेल म्हणता?"

"सर, तुम्ही पुस्तकातनं बाहेर कधी येणार?" ते प्रेमळपणे म्हणाले. पुन्हा हशा. मी खाली बसलो.

बाहेर रिक्षाची वाट पाहताना आक्का म्हणाली, "मिश्री सोड म्हनला तवा त्या डाक्टरचा लई राग आलता मला. ह्यो सोडू नको म्हनला, आन् भ्या वाटलं रं. माझं काय बी पडलेलं नसंल, त्योच असं म्हनंल." मग तिने विचारले, "बेळगावची गाडी सकाळी कवा हाय?"

शस्त्रक्रियेत गालाचा मोठा भाग गेला. शब्द अर्धेच उमटतात. आजवरच्या तपासण्यांत आजार परतलेला नाही.

पुढे कानावर आले की आमच्या पुडीने निपाणीची एक बाई बरी झाली, असे ते गृहस्थ गावोगावी सांगतात. मला संताप आला, पण माझा संताप घरातच फिरतो. आक्काला सांगितले, तर तिने लुगडे बदलले.

"चल. गाल दावून येऊ त्येला."

चिकोडीच्या सभेत ती पदर बाजूला सारून पहिल्या रांगेत बसली. व्यासपीठावरून त्यांची नजर एकदा तिच्याकडे गेली, मग तिकडे वळली नाही. त्या दिवशी ते गृहस्थ शेवटपर्यंत गुडघेदुखीवर बोलले.